बाही

निशातगंजच्या भाजीबाजारात मागून सायरन वाजला आणि माझा हात खिशात गेला. उजव्या खिशात, गाडीच्या किल्लीकडे. गाडी सोबत नव्हती. गेले अकरा दिवस मी ती जागेवरून हलवलेलीसुद्धा नाही. ऑफिसला ई-रिक्षाने जातो आणि घरी सांगतो, तेवढंच पायाला चालणं होतं. तरी बोटांनी किल्ली चाचपली, ती आहे याची खात्री करून घेतली, आणि मगच मी मागे वळून पाहिलं. अँब्युलन्स होती. तिच्यासमोर एक सांड, दोन हातगाड्या आणि मी. सांड हलला, हातगाड्याही हलल्या. मी मात्र मुठीत किल्ली धरून रस्त्याच्या मधोमध उभा. शेवटी कोथिंबीरवाली ओरडली, "अरे बाबूजी, किनारे होइए! किसी की जान पे बनी है!" मी बाजूला झालो. अँब्युलन्स गेली, बाजार पुन्हा भाव करू लागला. फेब्रुवारीतली सकाळ, साडेनऊ वाजलेले, आणि माझ्या पाठीवरून घामाची एक धार सरळ खाली चालली होती.

अकरा वाजता पोलीस ठाण्यात पोचायचं होतं. बायकोने, मधुमतीने, कढीपत्ता आणायला सांगितलंय हे निमित्त करून मी नऊलाच घराबाहेर पडलो, कारण दहाच्या सुमाराला समोरच्या इमारतीतून चेतना आणि तिची आई निघतील, त्याही तिकडेच जाणार, आणि मग गल्लीच्या तोंडापर्यंत एकत्र चालावं लागेल, हे मला नको होतं. चेतना चोवीस-पंचवीस वर्षांची. बँकेची परीक्षा तिसऱ्या प्रयत्नात पास झाली तेव्हा तिने स्वतः येऊन बेसनाचे लाडू दिले होते. वीस तारखेला तिला नोकरीवर रुजू व्हायचं आहे. रुजू होताना एक फॉर्म भरावा लागतो, त्यात एक रकाना असतो : आपल्यावर फौजदारी गुन्हा दाखल आहे काय. तिच्यावर आहे. सरकारी कामात अडथळा, सरकारी नोकराच्या अंगावर बळाचा वापर. नव्या संहितेतलं कलम एकशे बत्तीस. ठाण्यात जामीन मिळत नाही, कोर्टात मागावा लागतो. तिला तो मिळायला दोन दिवस लागले. आणि त्या गुन्ह्यात जो एकमेव स्वतंत्र साक्षीदार आहे, म्हणजे जो पोलीस नाही, आग विझवणारा नाही आणि तिच्या नात्यातलाही नाही, तो मी. सुधीर कुंभोजकर, रेल्वेच्या सिग्नल खात्यातला सीनियर इंजिनीअर, मूळचा मिरजेचा, लखनौत बावीस वर्षं, निवृत्तीला आठ महिने. आज माझ्या जबाबावर हे प्रकरण पुढे सरकणार की गाळात जाणार, ते ठरायचं होतं. हे सगळं मला ठाऊक होतं आणि मी कढीपत्त्याच्या जुड्या हुंगत होतो.

साक्षीदार झालो तो सवयीने. रेल्वेत कुठे काही घसरलं, धडकलं, अडकलं, की जागेवरच सगळ्या खात्यांचे सुपरवायझर मिळून एक कागद करतात. जॉइंट नोट. रूळवाला, सिग्नलवाला, इंजिनवाला, सगळे तिथेच, खडीवर उभे राहून सह्या ठोकतात. ज्याला पटत नाही तो खाली लिहितो, असहमत, आणि आपली कारणं मागाहून वेगळ्या कागदावर पाठवतो. म्हणून आमच्यात सहीला कोणी भीत नाही. सही म्हणजे मी हजर होतो, एवढंच. भांडण नंतर. मी कित्येक पोरांना हेच शिकवलं, आधी सही, मग भांडण, गाड्या खोळंबल्यात बाबांनो. त्या मंगळवारी सकाळी दरोगाने, फौजदाराला इकडे दरोगा म्हणतात, माझ्यापुढे मोटरसायकलच्या सीटवर एक कागद धरला आणि म्हणाला, "साहब, आप तो सरकारी आदमी हैं, ज़रा यहाँ," आणि मी सही केली. तारीख घातली, वेळ घातली, आठ पंचावन्न. वाचलं नाही. पंचनाम्याला इकडे फर्द म्हणतात हे बावीस वर्षांत माहीत झालं होतं, पण फर्दवर असहमत लिहायला जागा नसते हे माहीत नव्हतं. त्यात लिहिलं होतं की सदर युवतीने फायरमन गजेंद्र यास धरून ओढलं, ढकललं, कामापासून रोखलं, त्याच्या हाताला इजा केली, आणि तिचा मोबाइल खालील साक्षीदारासमोर जप्त करून सीलबंद केला. खालील साक्षीदार मी. लाखेच्या शेजारी पाकिटावरही माझी सही आहे. शर्मिष्ठा नावाची माझी ज्युनिअर सही करण्याआधी कागद तीनदा वाचते म्हणून मी तिला ऑफिसभर चिडवायचो. चिडवणाऱ्याचं तोंड असं बंद होतं.

ई-रिक्षात बसलो. पुलावर गर्दी होती. शेजारच्या बाईच्या मांडीवर कोबीची पिशवी, समोर एक मुलगा मोबाइलवर कुणाचं तरी भांडण बघत होता, आवाज मोठा ठेवून. मला वाटलं, मी खरंच काय पाहिलं ते एकदा नीट क्रमाने मांडावं. तळमजल्यावरचे विजेचे मीटर पेटले होते. धूर जिन्यातून वर चढत होता. आग फार नव्हती, धूरच होता, काळा, वायरीच्या वासाचा. चेतना आणि तिची आई ओढणीत तोंड लपेटून खाली आल्या. वर मागच्या खोलीत तिची बुआ, म्हणजे आत्या, राहिली, जिला दोन वर्षं स्वतः उठता येत नाही. आग विझवणारे आले तेव्हा पहिल्या मजल्याच्या खिडकीतून एक माणूस ओरडत होता, साहजिकच ते त्याच्याकडे वळले. चेतना त्यांच्यातल्या एकापुढे गेली आणि तिने त्याची बाही धरली. दोन्ही हातांनी धरली, एका मुठीत मोबाइल तसाच. "भैया, पीछे! पीछे का कमरा! बुआ हैं!" त्यांचा वरिष्ठ ओरडला, "हटाओ इसको!" गजेंद्रने हात झटकला, पायरीवर त्याचा तोल गेला, फुटक्या काचेवर हात पडला. रक्त मी पाहिलं. बाही धरल्यापासून सुटेपर्यंत चार सेकंद. मला सेकंद मोजता येतात, आयुष्यभर तेच केलंय. दिवा लाल झाल्यावर रूळ बदलणारा काटा किती वेळात सरकतो हे मी घड्याळाशिवाय सांगतो. चार सेकंद. मग तो माणूस रक्ताळलेल्या हाताने मागच्याच खोलीत गेला आणि बुआला पाठीवर घेऊन आला. ती अजून हॉस्पिटलमध्ये ऑक्सिजनवर आहे. म्हणजे जिने रोखलं तिनेच वाट दाखवली, आणि ज्याला रोखलं तो त्याच वाटेने गेला. याला अडथळा म्हणायचं तर म्हणा. पण चेतनाने बाही धरली होती, हे खोटं नाही. फर्दवर ओढलं आहे, ढकललं आहे. मी धरलं एवढंच पाहिलं. धरलं आणि ओढलं यांच्यात सव्वादोन वर्षं नोकरीची तयारी करणारी एक मुलगी मावते.

आणि मी अशा कायद्याच्या विरुद्ध आहे असंही कुणी समजू नये. सोळा वर्षांपूर्वी माझ्या हद्दीतल्या एका फाटकावर रामसजीवन नावाचा गेटमन होता. गाडी येत होती म्हणून त्याने फाटक उघडलं नाही, आणि लग्नाच्या वऱ्हाडाने त्याला खाली पाडून तुडवलं. त्याचा डावा डोळा गेला. फाटक मात्र त्याने उघडलं नाही. मी त्याच्या खाटेशी बसून शपथ घेतल्यासारखं म्हणालो होतो की सरकारी माणसाच्या अंगावर हात टाकणाऱ्याला सोडता कामा नये, आणि सोडलं नाही. सात जणांची नावं दिली. मी पाहिले होते तीन. उरलेले चार स्टेशन मास्तरांनी सांगितले, तेही वऱ्हाडातलेच होते, म्हटलं असतीलच. त्यातला एक बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारा होता. कोर्टात तो सारखा म्हणत होता, साहेब, मी तर हाताला धरून सोडवत होतो. तेव्हा मला त्याचा रागच आला. सापडला की प्रत्येकजण सोडवणाराच असतो, असं मी मधुमतीला जेवताना सांगितलं होतं, आणि आम्ही दोघं हसलो होतो. आज पुलावर, कोबीच्या पिशवीकडे बघत, मला त्या माणसाचे हात आठवले. बोटांची टोकं चपटी झालेली. रामसजीवनचा डोळा खरा होता, ती बोटंही खरी होती. कायदा मी डोळ्यासाठी मागितला होता. त्याच्यात बोटं सापडली तेव्हा मी दुसरीकडे पाहत होतो.

घरी यावर तीन दिवस वाद झाला. माझी मुलगी श्रुती, एकवीस वर्षांची, मराठी सगळं समजते पण उत्तर हिंदीतच देते. ती म्हणाली, "पापा, बाँह पकड़ी थी, गला तो नहीं। और वीडियो बनाना कब से बाधा हो गया? सवाल पूछना बाधा है? तो फिर हम बस हाथ बाँधके खड़े रहें?" मी म्हणालो, आगीच्या वेळी हात बांधून उभं राहिलेलंच बरं असतं, गर्दीने जीव जातात, मी पाहिलंय. तीही खरंच बोलत होती आणि मीही. मधुमती पोळ्या लाटत होती. ती म्हणाली, "अहो, तुम्ही यात पडूच नका. आठ महिने राहिलेत. पेन्शन अडकवतील. आणि तुम्ही काही खोटं थोडंच सांगणार आहात? बाही धरली होती ना? मग धरली होती म्हणा न् मोकळे व्हा." मग थोडं थांबून, तव्याकडेच बघत, "आणि बाकीचं कुणी विचारलं नाही तर आपण होऊन सांगायचं काही कारण नाही." श्रुती म्हणाली, "बाक़ी का क्या?" पोळी करपली.

बाकीचं म्हणजे गाडी. आता सांगतो, कारण ई-रिक्षा अलीगंजच्या वळणाला लागली होती आणि समोर रस्त्यावर एकही वाहन नसताना माझी बोटं पुन्हा किल्लीवर होती. आमच्या गल्लीच्या वळणावर कडुनिंब आहे. त्याची सावली मिळावी म्हणून मी गाडी तिथे तिरकी लावतो, नाक थोडं रस्त्यात. बारा वर्षं लावतो. काचेवर भारत सरकार लिहिलेलं स्टिकर आहे, त्यामुळे कुणी काही म्हणत नाही. त्या सकाळी मी दाढी करत होतो. सायरन ऐकला. जवळ आला, थांबला. मग हॉर्न, लांबलचक, पुन्हा पुन्हा. मला वाटलं, कुणाची तरी गाडी आडवी आली असेल. खरंच असं वाटलं, कुणाची तरी. गालावरचा उरलेला फेस मी उतरवला. मधुमती धावत आली, "अहो, आपली गाडी!" किल्ली नेहमीच्या खुंटीवर नव्हती. आदल्या दिवशीच्या पँटमध्ये होती, पँट मशीनमध्ये होती, मशीन चालू होतं. झाकण उघडेना. मी मुख्य बटण बंद केलं, त्याने झाकण उघडायला आणखी वेळ लागतो हे तेव्हा कळलं. ओल्या किल्लीने खाली गेलो तेव्हा लाल बंब वळणावर अडकलेला, ड्रायव्हर खिडकीतून अर्धा बाहेर, आणि गजेंद्र, तेव्हा नाव माहीत नव्हतं, माझ्या गाडीला मागून खांदा लावून उभा. हँडब्रेक लावलेला होता, काय हलणार? त्याने मला पाहिलं आणि म्हणाला, "साहब, ज़रा जल्दी।" एवढंच. शिवी दिली असती तर मी आज सुटलो असतो. सात मिनिटं. धूर तेवढ्यात एका मजल्यावरून दुसऱ्यावर गेला.

म्हणून फर्द वाचली नाही. सवय होती हे खरं, पण तेवढंच खरं नाही. दरोगा जेव्हा कागद घेऊन माझ्याकडे आला तेव्हा मला वाटलं, गाडीचं विचारणार. त्याने विचारलं नाही, उलट साहब म्हणाला, सरकारी आदमी म्हणाला. सुटकेने माझे हात असे हलके झाले की त्या हातांनी काहीही लिहून दिलं असतं.

आणि ते पाकीट. चेतना सुरुवातीपासून मोबाइलवर चित्रण करत होती, बंब अडकला तेव्हापासून. म्हणजे लाखेच्या आत काय आहे? माझी गाडी आहे, तिचा नंबर आहे, हॉर्न आहे, आणि कदाचित गालावर फेसाचा एक ठिपका घेऊन धावत येणारा मी. माझ्याच सहीने बंद. जामिनावर सुटून आली त्याच्या दुसऱ्या दिवशी चेतना आमच्या इमारतीच्या जिन्यात भेटली. नमस्ते केलं. म्हणाली, "अंकल, वीडियो में आपकी गाड़ी भी आई है।" मग म्हणाली, "मैंने किसी से कहा नहीं।" आणि गेली. त्या दिवसापासून मी त्या वाक्याला सगळीकडून ठोकून पाहतोय. धमकी होती? सौदा होता, की तुम्ही माझं सांभाळा, मी तुमचं? की शेजारधर्म, नुसता, लाडवासारखा? तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, थकवा सोडून. मला धमकी असती तर आवडली असती. धमकी देणाऱ्याशी निदान बरोबरीने वागता येतं.

ठाण्यात पोचलो तेव्हा अकराला दहा कमी होते. चेतना आणि तिची आई बाकावर आधीच बसलेल्या होत्या. मी मान हलवली, तिने हात जोडले. दरोगाने मला आत बोलावलं नाही, बाहेरच्या टेबलाशीच खुर्ची दिली, चहा मागवला. वयाने लहान, नम्र माणूस. माझं आडनाव त्याला झेपत नाही. "आइए कुंभ साहब। बस पाँच मिनट का काम है।" टाइप केलेलं एक पान पुढे केलं. यावेळी मी वाचलं. ओढलं, ढकललं, रोखलं, आणि मी हे सर्व स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. शेवटी असंही, की गल्लीत बंबाला वेळेवर प्रवेश मिळाला. हे वाक्य मी सांगितलं नव्हतं. कुणी तरी माझ्यासाठी ते प्रेमाने घातलं होतं.

"हे शेवटचं," मी मराठीत सुरू केलं आणि थांबलो. "ये आख़िरी लाइन मैंने नहीं कही।"

"अरे वो तो आपके लिए ही है, सर।" तो हसला, आवाज खाली आणला. "मोबाइल का वीडियो खुलवाएँगे तो दस बातें निकलेंगी। लैब भेजो, महीनों लगेंगे। आपका बयान काफ़ी है। फ़ायर वालों का आदमी घायल हुआ है, उनका भी दबाव है ना। कल को कोई बाँह पकड़ेगा, परसों गला।"

यातलं शेवटचं वाक्य माझंच होतं. सोळा वर्षांपूर्वी रामसजीवनच्या खाटेशी मी याच अर्थाचं बोललो होतो. मला विचारावंसं वाटलं की गजेंद्र काय म्हणतो, आणि मी विचारलं. दरोगाने फाइल चाळली नाही, त्याला पाठ होतं. "वो तो कह रहा है लड़की ने बुलाया था। भोला आदमी है। उसके अफ़सर ने रिपोर्ट दी है।"

मला भीती वाटत होती, हे साफ सांगतो. पेन्शन, आठ महिने, चौकशी, ऑफिसात शर्मिष्ठासमोरून जाणं, मधुमतीचा तव्याकडे वळलेला चेहरा. मी दरोगाकडे कोरा कागद मागितला. त्याला वाटलं, रफ लिहायला. मी वरती लिहिलं, असहमत, हिंदीत, मोठ्या अक्षरात, आणि खाली रेघ ओढली. मग जॉइंट नोट लिहितात तशी, वेळेनुसार. आठ चोवीस, बंब गल्लीच्या वळणावर. आठ एकतीस, बंब आत. मधली सात मिनिटं गाडी क्रमांक अमुक आडवी, मालक सुधीर कुंभोजकर, म्हणजे खाली सही करणारा. आठ बत्तीस, चेतनाने फायरमनची बाही धरली, मागच्या खोलीकडे बोलावलं. अवधी चार सेकंद. ढकललेलं पाहिलं नाही. फर्द न वाचता सही केली होती. जप्त मोबाइलमधलं चित्रण कोर्टापुढे उघडावं, माझी हरकत नाही.

दरोगाने ते उभ्यानेच वाचलं. दोनदा वाचलं. चहा आला होता, त्याने पोऱ्याला हातानेच परत जायला सांगितलं. "कुंभ साहब, ये आपने अपने ऊपर लिख दिया है। समझ रहे हैं? फिर तो आप गवाह नहीं रहेंगे।"

"समझ रहा हूँ।"

"और ये सात मिनट!" तो एकदम वैतागला, त्याच्या नम्रपणाखाली इतका वेळ दाबलेला माणूस वर आला. "आग लगी है, भगदड़ है, चीख़-पुकार है। सात मिनट कौन गिनता है, साहब?"

"मैंने गिने थे," बाकावरून आवाज आला. चेतना उठली नव्हती. तिची आई तिचा हात दाबत होती, गप्प बस म्हणून. ती दरोगाकडे बघतच नव्हती, माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जिन्यात दिसला तोच थकवा होता, त्यात ना धमकी होती, ना सौदा. "अंकल, मैं नीचे खड़ी थी। बुआ ऊपर थीं। मैं और क्या करती, वीडियो पर चलती घड़ी ही देख रही थी। छह मिनट पचास सेकंड।"

मी दरोगाच्या हातून कागद मागून घेतला. सातवर आडवी रेघ मारली, वर लिहिलं, सहा मिनिटं पन्नास सेकंद. खाडाखोड केली की समासात सही करायची असते. ती केली.